विद्यार्थ्यांचे लोकनृत्य पथक मुंबईला नेताना : प्रवासाचे नियोजन आणि सामानाची बांधाबांध

सोलापुरातील एका माध्यमिक शाळेच्या शिक्षिकेने विचारले आहे की, त्यांच्या शाळेचे आठवी-नववीतील 24 मुलामुलींचे लेझीम आणि लोकनृत्याचे पथक आंतरशालेय स्पर्धेसाठी प्रथमच मुंबईला जाणार आहे. सोबत ढोलकी, हलगी आणि पेटीची साथ करणारे वादक आहेत, मुक्काम तीन दिवसांचा आहे, तर नियोजनाला सुरुवात कोठून करावी आणि सामान कसे बांधावे. विद्यार्थ्यांची पथके सोलापुरातून पुण्या-मुंबईला नेण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

बहुतेक शाळांमध्ये नियोजन तिकिटांपासून सुरू होते. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की ते रंगमंचावरच्या प्रवेशाच्या वेळेपासून सुरू करावे आणि तेथून मागे मागे मोजत यावे. समजा, आपल्या पथकाचे सादरीकरण सकाळी अकरा वाजता आहे. सरावलेल्या माणसाला एक फेटा बांधायला चार-पाच मिनिटे लागतात. म्हणजे बारा मुलांचे फेटे एकाच हाताने बांधायचे ठरले तर त्यातच एक तास जातो. नऊवारी नेसवायला एका मुलीमागे दहा मिनिटे धरली, तर दोघी जणी सतत काम करत असतानाही बारा मुलींना एक तास हवा. त्यात रंगभूषा, केशरचना, दागिने, घुंगरू आणि शेवटी स्नायू मोकळे करण्याचा व्यायाम मिळवला की अकराच्या प्रवेशासाठी साडेसातला रंगभूषेच्या खोलीत असणे भाग पडते. म्हणजे सहाला न्याहारी आणि पाचला उठणे आले, आणि पाचला उठायचे तर मुले आदल्या रात्री नऊ-साडेनऊला झोपलेली हवीत. हा हिशेब कागदावर मांडला की रात्रीच्या गाडीने जाऊन त्याच सकाळी नाचणे का योग्य नाही, हे मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना वेगळे पटवून द्यावे लागत नाही. पहिल्यांदा मोठ्या शहरात निघालेली मुले गाडीत उत्साहाने जागीच राहतात, आणि अपुऱ्या झोपेचा परिणाम प्रथम पायांच्या तालावर दिसतो. म्हणून एक पूर्ण दिवस आधी पोहोचावे, आणि खर्चात काटकसर करायची असेल तर ती दुसऱ्या कशात तरी करावी.

हा हिशेब करण्यापूर्वी आयोजकांकडून काही गोष्टी लेखी मागवून घ्याव्यात. रंगमंचाची रुंदी आणि खोली किती फूट, विंगा किती, प्रवेश कोणत्या बाजूने, जमीन लाकडी की फरशीची, वादकांना बसण्याची जागा कोठे, ध्वनिक्षेपक किती मिळणार, आणि वेळेच्या मर्यादेत वाद्ये मांडण्या-उचलण्याचा वेळ धरला जातो की नाही, हे प्रश्न त्यात अवश्य असावेत. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण वेळ ओलांडली म्हणून गुण जातात ते बहुधा नाचामुळे नव्हे, तर ध्वनिक्षेपकांच्या जुळवाजुळवीमुळे. मापे हाती आली की शाळेच्या मैदानावर फक्कीने तेवढाच चौकोन आखावा आणि पुढचा सगळा सराव त्या चौकोनातच करावा. शाळेचे पटांगण मोठे असते, तेथे लेझीमची रांग मोकळी फिरते. तीच रांग लहान रंगमंचावर वळताना एकमेकांच्या दांड्यांना धडकते. शक्य असल्यास निघण्याच्या आठवड्यात एक रंगीत तालीम एखाद्या बंदिस्त सभागृहात करावी. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात एक दुपार मिळाली तर उत्तमच, कारण समोरून येणारा प्रकाश डोळ्यांवर घेऊन नाचण्याची मुलांना सवय नसते. सराव ठरवताना संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते हेही विसरू नये. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत मुले येणार नाहीत, आणि त्यांनी यावे असा आग्रह धरणेही बरोबर नाही.

प्रवासासाठी रेल्वे की बस, हा निर्णय वाद्यांवरून घ्यावा. सोलापूर ते मुंबई हे अंतर रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस पथकांना सर्वांत सोयीची पडते. वंदे भारत 2023 च्या फेब्रुवारीपासून धावते आहे आणि वेगाने पोहोचवते, पण तिला सामानाचा स्वतंत्र डबा नसतो आणि डोक्यावरच्या फळीवर मोठी वाद्ये मावत नाहीत, म्हणून पथकासाठी मी ती सुचवत नाही. आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, त्यामुळे तीस जणांची तिकिटे तशी काढली तर पथक चार डब्यांत विखुरते. त्याऐवजी शाळेच्या लेटरहेडवर नावे आणि वये लिहून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे सामूहिक आरक्षणाचा अर्ज करावा आणि विद्यार्थ्यांच्या सवलतीचीही तेव्हाच चौकशी करावी. प्रतीक्षा यादीतील तिकिटावर एकाही विद्यार्थ्याला नेऊ नये.

एसटीची बस प्रासंगिक करारावर घेतली तर शाळेच्या दारातून निघून मुक्कामाच्या दारात उतरता येते आणि वाद्ये कोणाच्या हाती द्यावी लागत नाहीत, हा मोठाच लाभ आहे. मात्र सोलापूर-पुणे-मुंबई हा पल्ला दिवसभराचा होतो, बोरघाटात ज्यांना गाडी लागते अशी मुले निघतातच, आणि मुंबईत मोठी बस उभी करायला जागा शोधावी लागते. मोठे ढोल किंवा नेपथ्य नेणार असाल तर बस घ्यावी. आपल्या प्रश्नात सांगितलेल्या वाद्यांसाठी रेल्वे पुरेशी आहे. शयनयान वर्गात प्रत्येक प्रवाशाला 40 किलो सामान विनाशुल्क नेता येते, पण ट्रंकेचे माप 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटरपेक्षा मोठे असेल तर ती पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यात द्यावी लागते. ट्रंका विकत घेण्यापूर्वी त्या मोजून घ्याव्यात. लेझीमसोबत तलवार-भाल्याचे हात दाखवणार असाल तर ती शस्त्रे लाकडी आणि उघड दिसेल अशी रंगवलेली असावीत, आणि सर्व साहित्याची यादी असलेले मुख्याध्यापकांचे सही-शिक्क्याचे पत्र शिक्षकांच्या खिशात असावे. स्थानकावरच्या तपासणीत आणि मेट्रोत त्या पत्राने बराच वेळ वाचतो.

आता वाद्ये. येथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सोलापूरची हवा कोरडी आणि मुंबईची दमट, या फरकाचा विचार आपल्याकडची पथके फारशी करत नाहीत. चामडे दमट हवेत ओलावा धरते आणि सैल पडते. त्यामुळे सोलापुरात स्वर जुळवून ठेवलेली ढोलकी मुंबईत पोहोचेपर्यंत उतरलेली असते आणि हलगी तर अगदी बसून जाते. हलगी आपण शेकून ताणतो, पण नाट्यगृहाच्या आवारात जाळ करता येत नाही आणि करूही नये. यावर तीन उपाय आहेत. एक जादा हलगी सोबत ठेवावी आणि शक्य असल्यास तिला फायबरचे पान असावे. हलगीवादक मनापासून ती वाजवणार नाही, पण पावसाळी हवेत ती हमखास बोलते. चामड्याची हलगी रंगमंचावर जाण्याच्या क्षणापर्यंत जाड कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी. आणि मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी ऊन येणारी जागा कोणती, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. सकाळच्या उन्हात धरलेली हलगी काही काळ तरी चांगली ताणलेली राहते.

ढोलकी बोल्टची असेल तर पाना, दोरीची असेल तर हातोडी आणि जादा दोरी, ही वादकाच्या स्वतःच्या पिशवीत असावीत, सामायिक ट्रंकेत नव्हे. ढोलकी आडवी ठेवून तिच्यावर काहीही रचू नये आणि शाईच्या पुडाला, म्हणजे काळा लेप दिलेल्या चामड्याच्या बाजूला, धक्का लागणार नाही असे बघावे, कारण शाईचा टवका उडाला तर तो मुंबईत दुरुस्त करून मिळेपर्यंत आपली वेळ निघून गेलेली असेल. गुंडाळायला आपली सोलापुरी चादर सर्वांत चांगली : जाड सुती असल्याने धक्काही झेलते, ओलही काही प्रमाणात शोषते आणि रात्री वादकाला पांघरायलाही होते. पेटीचे सूर ठरलेले असतात, ते आपल्याला हलवता येत नाहीत, म्हणून ढोलकी पेटीला लावून घ्यायची असते, आणि यासाठी प्रवेशापूर्वी निदान पंधरा मिनिटे वादकांना शांत कोपरा मिळेल असे पाहावे. पेटीचा भाता कड्या लावून बंद करावा, पेटी तिच्या खोक्यात नेहमी सरळ ठेवावी आणि ती कोणत्याही विद्यार्थ्याला उचलायला देऊ नये. परतताना याच्या उलटा विचार करावा लागतो. मुंबईत ताणून घेतलेली ढोलकी तशीच सोलापूरला आणली तर कोरड्या हवेत चामडे आणखी आकसते आणि पूड फाटू शकते. म्हणून सादरीकरण संपले की त्याच संध्याकाळी ती सैल करावी.

लेझीम सहा-सहाच्या जुड्यांत बांधाव्यात. साखळी दांड्याला लपेटून वरून जुन्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळली की चकत्या वाजत नाहीत आणि एकमेकींत अडकत नाहीत. मध्यरात्री शयनयानात त्यांचा खळखळाट होऊ न देणे हे सहप्रवाशांबद्दलचे सौजन्यही आहे. दोन लेझीम जादा, थोडी लोखंडी तार आणि एक पक्कड सोबत असावी.

वेशभूषेच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. साड्या एका ट्रंकेत, धोतरे दुसऱ्या ट्रंकेत, दागिने तिसरीत अशी वस्तूंच्या प्रकारानुसार बांधाबांध करू नये. प्रत्येक विद्यार्थ्याचा संपूर्ण पोशाख एका कापडी पिशवीत भरावा, पिशवीवर क्रमांक शिवावा किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहावा, आणि आत काय काय आहे याची चिठ्ठी आत ठेवावी. तोच क्रमांक त्या विद्यार्थ्याचा प्रवासातला हजेरी क्रमांक असावा. असे केले की रंगभूषेच्या खोलीत चोवीस मुले एका ट्रंकेवर ओणवी होत नाहीत. प्रत्येक जण आपली पिशवी घेऊन आपल्या जागी बसतो. या पिशव्या दोन ट्रंकांत निम्म्या-निम्म्या विभागाव्यात, आणि विभागताना सम क्रमांक एकीकडे व विषम दुसरीकडे ठेवावेत, म्हणजे एक ट्रंक उशिरा पोहोचली तरी मुले आणि मुली दोन्ही रांगांतील काही जण तयार होत राहतात. पिशव्या निघण्याच्या आदल्या दिवशी शाळेतच भरून घ्याव्यात, चिठ्ठीप्रमाणे तपासून बंद कराव्यात आणि पुन्हा घरी नेऊ देऊ नयेत.

नृत्यासाठी शिवलेली नऊवारीच घ्यावी. गणवेशांच्या शिलाईसाठी आपले शहर देशभर ओळखले जाते. येथे प्रत्येक मुलीच्या मापाने नऊवारी शिवून घेणे अवघड नाही, आणि वर हिशेबात धरलेली दहा मिनिटे मग चारवर येतात. तरीही प्रत्येक नऊवारीमागे आठ-दहा सेफ्टी पिना मोजून ठेवाव्यात, कारण पदर आणि काष्टा यांच्यावर विश्वासून वेगाच्या चालीत उतरता येत नाही. फेटे आदल्या दिवशी बांधून खोक्यांतून न्यावेत की तेथेच बांधावेत, याबद्दल मतभेद आहेत. मी तेथेच बांधण्याच्या बाजूचा आहे, कारण फेटा डोक्याच्या मापाने बसला तरच गिरकीत टिकतो. मात्र बांधणारे दोन हात सोबत असतील तरच हे करावे. मोगऱ्याचे खरे गजरे टाळावेत. दादरच्या फुलबाजारात ते सकाळी उत्तम मिळतात आणि मुलींना हवेही असतात, पण त्यांची फुले रंगमंचावर गळतात आणि अनवाणी पाय त्यांवरून घसरतात. घुंगरांची प्रत्येक पट्टी निघण्यापूर्वी हाताने ओढून पाहावी; सुटलेले घुंगरू पायाखाली आले तर जखम होते.

या पिशव्यांखेरीज एक छोटी पेटी नेहमी एका शिक्षिकेच्या हातात असावी. तीत सुईदोरा, कात्री, जादा नाड्या, केसांचे आकडे, चिकटपट्टी, जादा ठुशी आणि नथ, आणि ध्वनिमुद्रित संगीताचा काही भाग असेल तर त्याच्या दोन पेनड्राइव्हवरील प्रती असाव्यात. तिसरी प्रत मोबाइलमध्ये ठेवावी आणि तो मोबाइल वाजवताना विमान स्थितीत असावा. रंगभूषेचे साहित्य निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येकाच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावे, म्हणजे कोणाची त्वचा लालसर होते ते कळते. काजळ आणि लिपस्टिक प्रत्येकीची स्वतंत्र असावी. डोळे येण्याची साथ एका काजळाच्या कांडीतून अख्ख्या पथकात पसरू शकते.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बॅगेबद्दल फार सांगण्याची गरज नाही. प्रत्येकाची एकच पाठीवरची बॅग असावी आणि ती त्याला स्वतःला उचलून जिना चढता आला पाहिजे. दोन साधे पोशाख, शाळेचा गणवेश, रात्रीच्या गाडीसाठी स्वेटर, टॉवेल, पाण्याची बाटली, सपाता आणि विंगेपर्यंत पायात घालायचे मोजे एवढे पुरते. सोन्याचे दागिने घरी ठेवावेत. घरून आलेली शेंगाची चटणी वेगळ्या डब्यात आणि पोशाखांपासून दूर असावी. तिच्या तेलाचा डाग जरीवरून निघत नाही.

पहिल्या रात्रीच्या जेवणासाठी कडक भाकरी, चटणी आणि धपाटे यांहून चांगले काही नाही, कारण ते टिकते आणि मुलांच्या पोटाला सवयीचे असते. सादरीकरणाच्या दिवशी मात्र तळलेले काहीही देऊ नये. दोन-तीन तास आधी पोहे किंवा उपमा आणि केळे, मध्ये शेंगदाण्याचा लाडू, आणि थोडे थोडे पाणी असा क्रम ठेवावा. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, मुले दमलेली लगेच कळत नाहीत, म्हणून जलसंजीवनीची पाकिटे भरपूर असावीत. औषधाच्या पेटीत मळमळीच्या गोळ्या, पट्ट्या, वेदनाशामक मलम आणि सॅनिटरी पॅड असावेत. पाळीची तारीख जवळ असलेल्या मुलीने ते शिक्षिकेला संकोच न करता सांगावे, असे वातावरण आधीपासून निर्माण केलेले असले पाहिजे, आणि पथकासोबत शिक्षिका असणे, तिचा मुक्काम मुलींच्या खोलीतच असणे याबाबत कोणतीही तडजोड करू नये.

पालकांचे संमतिपत्र घेताना त्यात विद्यार्थ्याची औषधे, कशाची ॲलर्जी आहे का, आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावेत. शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या परवानगीचा अर्ज लवकर द्यावा. आपल्या शाळेत शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातील मुले असतील, तर पालकसभेत संमतिपत्रातील मजकूर तेलुगूतही समजावून सांगावा, आणि कन्नड बोलणाऱ्या घरांसाठी कन्नडमध्येही. सही करणाऱ्या आईला आपण कशावर सही करतो आहोत हे कळणे हा तिचा हक्क आहे. खर्चाचा विषय याच सभेत मोकळेपणाने मांडावा. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातील मूल केवळ वर्गणी भरता येत नाही म्हणून रांगेतून गळता कामा नये. माजी विद्यार्थी, पेठेतील व्यापारी यांच्याकडे शब्द टाकला तर अशा दोन-चार मुलांची सोय होते, आणि कोणाची सोय केली हे पथकात कोणाला कळू देऊ नये. अंदाजपत्रकात एक दशांश रक्कम आकस्मिक खर्चासाठी बाजूला असावी.

शहरात फिरताना सहा-सहा मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस असावे. हजेरी निघताना, वाहनात बसल्यावर, उतरल्यावर आणि मुक्कामी पोहोचल्यावर अशी चार वेळा, क्रमांक उच्चारून घ्यावी. प्रत्येकाच्या खिशात शाळेचे नाव, मुक्कामाचा पत्ता आणि दोन शिक्षकांचे मोबाइल क्रमांक असलेले कार्ड द्यावे. गळ्यात नाव लिहिलेले कार्ड नको, कारण अनोळखी माणसाने मुलाला नावाने हाक मारावी हे सुरक्षित नाही. चुकामूक झाली तर जेथे आहे तेथेच थांबायचे, हे मुलांकडून वदवून घ्यावे. 112, मुलांसाठीचा 1098 आणि रेल्वेचा 139 हे क्रमांक कार्डाच्या मागे छापावेत. सादरीकरणाच्या दिवशी लोकलने जाऊ नये. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते, आणि चोवीस मुले, ट्रंका आणि पेटी तेवढ्यात चढत नाहीत. त्या दिवसासाठी मिनीबस ठरवावी. इतर दिवशी लोकलचा अनुभव द्यायचाच असेल तर दुपारी, सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळून, आणि सीएसएमटीसारख्या जेथून गाडी सुटते अशा स्थानकातून द्यावा.

स्थलदर्शन सादरीकरणानंतरच्या दिवशी ठेवावे, आधी नव्हे. परतीची गाडी रात्री सीएसएमटीहून असेल तर गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही दोन ठिकाणे तेथून जवळ आहेत आणि तेवढ्यात दिवस चांगला जातो. वाद्यांजवळ एका मोठ्या माणसाने थांबावे आणि अर्ध्या दिवसानंतर दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी, म्हणजे वादकांनाही शहर पाहता येते. शक्य असेल तर स्पर्धेतील इतर पथकांचे सादरीकरण मुलांना पूर्ण बसून पाहू द्यावे. विदर्भातले किंवा कोकणातले पथक कसे नाचते हे पाहण्याची संधी सोलापूरच्या आठवीतल्या मुलाला एरवी कधी मिळणार?

परत आल्यावर त्याच दिवशी ट्रंका उघडाव्यात. घामाने ओले झालेले पोशाख बंद राहिले तर त्यांवर बुरशीचे डाग पडतात आणि जरी काळी पडते. ते सावलीत वाळवून, चिठ्ठीप्रमाणे तपासून, त्याच क्रमांकाच्या पिशवीत परत ठेवावेत. तुटलेल्या चकत्या आणि हरवलेल्या ठुश्या यांची नोंद करून घ्यावी, आणि पावत्यांसह जमाखर्च त्या आठवड्यातच मुख्याध्यापकांकडे द्यावा.